कळीचा आवाज माझ्यापाशी अडला

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला आदर वाटावा असं आता काही उरलेलं नाही. मी एक जुनाट राउटर. कधीकाळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलोय. दोन अँटेनांपैकी एक मोडली होती, ती चिकटपट्टीने बांधली आहे. दाराशी चपलांच्या कपाटावर, छत्र्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट माझ्या पोटातून जातं, म्हणून एके काळी मी फार ताठ्यात होतो. तो ताठा कसा उतरला हे आठवलं, की आजही तोंड लपवावंसं वाटतं. पण मला ना हात ना पदर, तोंड लपवणार कशात? म्हणून मग सांगूनच टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने वीज जोडून माझे सगळे दिवे लागतात का ते पाहिलं. दिवे लागले. "हा चांगला आहे," असं म्हणून तिने मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तेव्हापासून माझी पक्की समजूत झाली, की दिवे हिरवे असले म्हणजे आपलं सगळं चोख आहे.

मग मी या घरी आलो. घरात तीन माणसं. बाबा, आई आणि त्यांची मोठी झालेली लेक.

बाबा फुलांच्या ठोक बाजारात लिलाव पुकारतात. पहाटेच त्यांचं "एकवार, दोनवार, तीनवार!" सुरू होतं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गाडीत डुलक्या घेणारा ड्रायव्हर खडबडून जागा होतो. गल्लीत त्यांना 'भोंगा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतंही. आई शिवणकाम करते आणि बाबांच्या बोलण्यात फट सापडेल तेवढंच बोलते. लेकीचं खरं नाव वेगळं आहे, पण घरीदारी सगळे तिला कळी म्हणतात.

कळी दातांची कारागीर आहे. दंतवैद्य तिच्याकडे मापं पाठवतात आणि ती आतल्या लहान खोलीत बसून दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवते. तिच्या टेबलावर मेण, बारीक चाकू, छोटा दिवा आणि प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात. रात्री पाणी प्यायला उठलेली आई ते जबडे पाहून दोनदा किंचाळली आहे. कळीचं काम इतकं सुबक, की तिने बनवलेला दात तोंडात कुठला ते खुद्द दंतवैद्यालाही शोधावं लागतं.

कळी अडखळत बोलते. शब्द ओठांशी येऊन थबकतो, मान किंचित हलते आणि मग तो सुटतो. वेळ लागतो, एवढंच. पण तेवढा वेळ त्या घरात तिला कुणी देत नसे. लिलावात जो थांबला तो बुडाला, असं बाबांचं सारं आयुष्य. त्यामुळे कळीने वाक्य सुरू करायचं आणि बाबांनी ते संपवायचं, अशी रीतच पडून गेली होती. ती म्हणायची, "आई, आज मी ज... ज..." की बाबा गरजायचे, "जेवून लवकर झोपणार! दमलीय बिचारी!" मग ती बिचारी जेवायची आणि झोपायची. तिला जायचं असायचं मैत्रिणीकडे. बाबा हे सगळं प्रेमापोटी करत, हे मुद्दाम सांगायला हवं. तिची तगमग त्यांना बघवत नसे.

माझं काम दोन तऱ्हेचं. एक म्हणजे घरातल्यांचा निरोप बाहेर नेणं आणि बाहेरचा आत आणणं. दुसरं म्हणजे राखण. आतून कुणी साद घातली असेल तरच बाहेरच्या ओ-ला मी आत सोडतो. न बोलावता जो दार ठोठावतो, त्याला दारातूनच वाटेला लावतो. या राखणीला फायरवॉल म्हणतात. हे काम मी पहिल्या दिवसापासून गुपचूप करत होतो आणि सगळं सुरळीत चाललं होतं. कळी लॅपटॉपवरच्या फोनवरून डॉक्टरांशी बोलायची. हळू बोलायची, थांबत बोलायची, पण काम व्हायचं.

अशात एके दिवशी मामा आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे ज्या वस्तूला तार आहे ती आपल्याला कळलीच पाहिजे, असा त्याचा स्वतःबद्दल ग्रह आहे. ओळखीतल्या कुणाच्या तरी संगणकात चोर शिरल्याचं ऐकून तो धावत आला होता.

"ताई, तुमच्या घराला कडीसुद्धा नाही गं! दार सताड उघडं!"

काय बोलावं याला? मी तिथेच कपाटावर बसून राखण करत होतो. पण मामाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि माझ्या सेटिंगचं पान उघडलं. तिथे चौकोनांची ही लांब रांग. सुरक्षा, संरक्षण, सहाय्य, अशी एकेकाची नावं.

"नावं तर सगळी चांगलीच दिसतायत," मामा म्हणाला आणि दिसेल त्या चौकोनावर टिक करत सुटला.

"अरे, पण याचा अर्थ काय?" आईने विचारलं.

"अर्थ बघू गं सावकाश. चालू असलेलं बरं."

त्या रांगेत एक चौकोन होता 'कॉल सहाय्य' नावाचा. त्यावरही टिक झाली, आणि मित्रांनो, तिथेच घात झाला.

तो कसा, ते नीट ऐका. लॅपटॉपवरच्या फोनवर बोलणं सुरू व्हायच्या आधी दोन्हीकडून एकेक चिठ्ठी जाते. 'माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर पाठवा,' असं त्यात लिहिलेलं असतं. मी ती चिठ्ठी नुसती पोचवायची असते. पण त्या टिकमुळे मला हुकूम मिळाला, की चिठ्ठी उघड, वाच आणि पत्ता चुकीचा वाटला तर सुधार. मला तर गगन ठेंगणं झालं! आजवरचा हमाल एकदम साहेब झालो होतो. समोरून आलेल्या चिठ्ठीतला चांगला धडधाकट पत्ता मी खोडायचो आणि माझ्या अकलेने भलताच लिहायचो. कळीचा लॅपटॉप भाबडेपणाने तिचा आवाज त्या पत्त्यावर पाठवायचा. तिथे कुणी राहतच नव्हतं. समोरच्यांचं बोलणं मात्र इकडे अगदी स्वच्छ ऐकू यायचं.

आईबाबांच्या मोबाइलवरच्या गप्पांना काही धक्का लागला नाही. त्यांच्या चिठ्ठ्या बंद पाकिटातून जातात आणि ती पाकिटं मला उघडता येत नाहीत. उघड्या चिठ्ठ्या होत्या त्या फक्त कळीच्या कामाच्या फोनच्या. म्हणजे अख्ख्या घरात एकाच माणसाचा आवाज अडला, आणि तोही नेमका कळीचा.

दुसऱ्याच दिवशी एका डॉक्टरांचा फोन आला. "कळी, वरच्या दाढेचं माप नीट मिळालं का?"

"हो ड... डॉक्टर. फक्त क... कडेला जरा..."

"हॅलो? हॅलो?" डॉक्टर थोडं थांबले. मग अगदी मायेने म्हणाले, "बरं, राहू दे. घाई नाही हं. लिहून पाठव."

कळी अडखळते हे त्या डॉक्टरांना माहीत होतं. म्हणून समोरून काहीच ऐकू येईना तेव्हा त्यांना वाटलं, आज पोरीची जीभ पारच अडली. दुसऱ्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं आणि तिसऱ्यांनाही. सगळी भली माणसं. कुणी तिला घालूनपाडून बोललं नाही, आणि त्यांच्या त्या भलेपणामुळेच कुणी सरळ 'आवाज येत नाही' असंही म्हटलं नाही. आणि कळीला तरी काय कळणार? लोकांनी तिच्या बोलण्यावर 'हॅलो, हॅलो' करणं तिला नवं नव्हतं. जन्मभर ती तेच ऐकत आली होती. तिला वाटलं, आपणच वाईट झालोय.

हळूहळू ती घरातही गप्प होत गेली. वाक्य सुरूच करेना. आई तिला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली, तर त्या बाई बुचकळ्यात पडल्या. "माझ्यासमोर तर छान बोलते की. फोनवरच का बिघडतं?"

आईने घरी येऊन बाबांना सांगितलं, "मनात भीती बसलीय तिच्या."

"मग तिने फोन घ्यायचाच नाही. सगळं लिहूनच कळवायचं," बाबा म्हणाले. झाला निकाल. चपलांच्या कपाटाकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं? माझे सगळे दिवे हिरवेगार होते. आज त्या हिरव्या दिव्यांची मला जितकी लाज वाटते, तितकी मोडक्या अँटेनाचीही वाटत नाही.

अशातच कळीने एक धाडस केलं. दूरच्या शहरात दातांची एक मोठी प्रयोगशाळा होती. अपघातात जबडा गमावलेल्या माणसांसाठी तिथे अख्खे चेहरे उभे करतात. तिथे एक जागा निघाली. कळीने आपल्या कामाचे नमुने पाठवले आणि ते तिथल्या मोठ्या बाईंना फार आवडले. राहिली होती ती फक्त तोंडी परीक्षा, आणि ती याच लॅपटॉपवरच्या फोनवर होणार होती. चेहरा दिसणार नव्हता, नुसता आवाज. कळीला ती जागा किती हवी होती हे मला ठाऊक आहे, कारण तिने त्या प्रयोगशाळेचं पान इतक्यांदा उघडलं होतं, की मला ते पाठ झालं होतं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती बंद खोलीत बसली. बाबा दाराला कान लावून उभे होते.

"नमस्कार. आधी तुमच्याबद्दल थोडं सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या.

कळीने सांगायला सुरुवात केली. अडखळली, पण सांगत राहिली. नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यातला एकेक शब्द मी उचलला आणि त्या ओसाड पत्त्यावर नेऊन टाकला.

"हॅलो?" मोठ्या बाई म्हणाल्या. "हॅलो, आहात का तिकडे?"

कळीने पुन्हा सुरुवात केली. "म... मी आहे. म... म..."

"हॅलो?"

बाबांना राहवलं नाही. दार ढकलून ते आत शिरले आणि लॅपटॉपवर वाकले. "नमस्कार मॅडम! मी हिचा बाप. पोरगी लाखात एक आहे हो, फक्त जीभ जरा अडते. तुम्ही विचारा, मी सांगतो!"

"हॅलो? कुणी बोलतंय का?"

"मी बोलतोय, मॅडम! मी!" बाबांनी बाजारातला आवाज लावला. गॅलरीतली कबुतरं फडफडत उडाली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "भोंगाशेठ, काय झालं?"

मोठ्या बाईंना मात्र काहीच ऐकू आलं नाही. "आमच्याकडे आवाज येत नाहीये," त्या म्हणाल्या. "परवा याच वेळी पुन्हा प्रयत्न करू. तेव्हाही झालं नाही तर मला पुढच्या उमेदवाराला बोलवावं लागेल. माफ करा." फोन बंद झाला.

बाबांचं तोंड अजून उघडंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कुणालातरी ऐकू गेला नव्हता. आई शिवण टाकून दारात येऊन उभी राहिली होती.

आणि कळी हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तु... तुमचाही गेला नाही," ती म्हणाली. "आई, म्हणजे म... मी नव्हते. इतके दिवस मी न... नव्हतेच गं."

मित्रांनो, त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. किती दिवस ती पोरगी स्वतःलाच दोष देत होती, आणि मी कपाटावर हिरवे दिवे मिरवत बसलो होतो.

त्यानंतर कळीने जे केलं ते बघण्यासारखं होतं. तिने आधी स्वतःचा आवाज लॅपटॉपमध्ये भरून ऐकला. तो नीट होता, म्हणजे माइक ठीक. मग मला बाजूला सारून तिने मोबाइलच्या इंटरनेटवरून एका डॉक्टरांना फोन लावला.

"अरे वा, आज किती स्वच्छ बोलतेयस!" डॉक्टर म्हणाले.

परत माझ्यामार्फत लावला, तर पुन्हा "हॅलो? हॅलो?" झालं. ती खोलीतून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. चोर सापडला होता.

तेवढ्यात मामा हजर. आईने फोन केला होता. त्याच्या हातात टाचणी होती. "मागचं भोक दाबतो आणि याला एकदम कोरा करून टाकतो! नाहीतर सगळंच उघडून टाकू, काय भाऊजी?"

"थ... थांब, मामा," कळी म्हणाली. "कवळी टोचते म्हणून कुणी स... स..."

"सगळे दात घासत नाही, असं म्हणायचंय तिला," बाबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते आपले खिडकीबाहेर बघू लागले.

कळीचं म्हणणं साधं होतं. नवी कॅप उंच लागली तर ती डोळे मिटून घासत सुटत नाही. दातांमध्ये रंगीत कागद धरायचा, प्लास्टरचे जबडे एकमेकांवर मिटायचे, जिथे रंग उमटेल तिथेच किंचित घासायचं आणि पुन्हा मिटून पाहायचं. तिने माझं सेटिंगचं पान तसंच हाताळायचं ठरवलं. एका वेळी एकच टिक काढायची आणि तपासायचं. फरक पडला नाही तर ती टिक परत लावायची आणि मगच पुढच्या चौकोनाकडे जायचं. कारण सगळं एकदम बदललं तर दुखणं कुठे होतं ते कधीच कळत नाही, आणि राखणही उगाच जाते.

तपासायला समोर कुणीतरी हवं होतं. कळीने बाबांच्या मोबाइलवर लॅपटॉपवरच्यासारखाच फोन चालू करून दिला आणि त्यांना खाली रस्त्यावर पाठवलं. घरात उभे राहिले असते तर भिंतीतूनच ऐकू आलं असतं. बाबा लॉन्ड्रीच्या दुकानासमोर मोबाइल कानाला लावून उभे राहिले. आई खिडकीत. मामाला कळीने टाचणीसकट खुर्चीत बसवलं आणि ती आत जाऊन दार लावून बोलू लागली.

"नाही आला!" बाबा खालून ओरडले. सगळ्या गल्लीला समजलं. कळीलाही फोनवरून ऐकू गेलंच होतं, तरी आईने दार ठोठावून सांगितलं, "नाही म्हणतायत."

पुढची टिक. दर वेळी मला बंद होऊन पुन्हा जागं व्हावं लागे. कळी पुन्हा फोन लावायची आणि बोलायची.

"नाही आला!"

सुरुवातीला ती नुसतं हॅलो हॅलो करत होती. मग कंटाळून दातांची नावं घेऊ लागली. सुळा, दाढ, अक्कलदाढ. मामा बाहेर पेंगू लागला. आणि मग, आपलं बोलणं कुठेच पोचत नाहीये अशी खात्री झाल्यावर, ती बाबांशीच बोलू लागली. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर तिचं अडखळणंही कमी झालं होतं. नेमकी तेव्हाच तिने 'कॉल सहाय्य'ची टिक काढलेली होती. समोरची चिठ्ठी माझ्या हातात आली आणि मी ती न उघडता पुढे दिली.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये ना? बरं आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी शहरातून असाच एक फोन आला होता. 'आमच्याकडे काम करायला येशील का,' असं त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणत होते, बाबा. शब्द ओ... ओठांवर आला होता. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात आणि 'तिला नाही जमायचं हो' म्हणालात. प्रेमाने म्हणालात, मला माहितेय. मग मला जेवायला हाक मारलीत आणि मी जेवले. पण मी हो म्हणत होते. मला फक्त वेळ ल... लागत होता."

एकेक शब्द मी खाली रस्त्यावर नेऊन पोचवला. एकही गाळला नाही.

खालून हाक आली नाही.

"अहो, आला का?" आईने खिडकीतून विचारलं. "हो की नाही, काहीतरी सांगा ना!"

बाबा तसेच उभे. लॉन्ड्रीवाल्याला वाटलं यांना चक्कर येतेय, म्हणून तो स्टूल घेऊन बाहेर आला. बाबांचं तिकडे लक्षही नव्हतं.

कळीने दार उघडलं. "का... काय म्हणाले?"

"काहीच म्हणत नाहीत. नुसते उभेत," आई म्हणाली.

कळीचा चेहरा पांढरा पडला. ती परत आत गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा?"

बाबांचं उत्तर माझ्यातून आलं. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी वाहिला नव्हता.

"आला, बाळा. सगळा आला."

"प... पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मग बाबा वर आले. चपला काढायला म्हणून माझ्या कपाटाशेजारी बसले आणि एक चप्पल हातात धरून तिथेच बसून राहिले. आई जवळ आली तेव्हा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "मला वाटायचं मी तिला मदत करतोय गं."

मित्रांनो, मलाही अगदी हेच वाटायचं. दुसऱ्याचं बोलणं मध्येच उघडून आपल्या अकलेने सुधारायचं आणि वर त्याला मदत म्हणायचं! आम्ही दोघं शेजारी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. फरक एवढाच, की माझी खोड एक टिक काढल्याबरोबर गेली आणि त्यांना ती स्वतः मोडायची होती.

मामाने जाग येताच विचारलं, "काय, झालं का चालू? मी म्हटलंच होतं." आईने त्याच्या हातातली टाचणी काढून घेतली.

ठरल्या दिवशी मोठ्या बाईंचा फोन आला. बाबा या वेळी दाराला कान लावून उभे नव्हते. माझ्याजवळ स्टुलावर बसले होते. पण कळीचा आवाज दारातून ऐकू येत होताच.

"समजा कवळी अगदी छान बसलीय," मोठ्या बाईंनी विचारलं, "पण ती घातल्यापासून त्या माणसाचं बोलणं बिघडलंय. तुम्ही आधी काय कराल?"

"आधी त्याला..." कळी म्हणाली आणि थांबली. शब्द अडला. मान हलली असणार. मला नुसता श्वास ऐकू येत होता आणि मी तो श्वाससुद्धा पुढे नेत होतो. बाहेर बाबांचं तोंड उघडलं, आणि त्यांनी स्वतःचाच तळहात त्यावर दाबून धरला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण हात काढला नाही.

"सावकाश. मी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आधी त्याला ब... ब... बोलू देईन," कळी म्हणाली. "पुरतं. मध्ये न थांबवता. त्याचं ऐकून झाल्याशिवाय मी हत्यार हातात घेणार नाही."

ती जागा कळीला मिळाली. आता ती तिकडेच राहते.

मी या कपाटावर अजून आहे. मामा मला बदलायचं म्हणतो आणि ते योग्यच आहे. जाण्याआधी तुम्हाला एकच विनवणी. घरात कुणाचं काही अडलं तर लगेच माणसावर बोट ठेवू नका. माझ्यासारख्यांच्या हिरव्या दिव्यांना भुलू नका. एकेक गोष्ट सुटी करून तपासा. ज्या मदतीचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही ती चालू करू नका, मग ती यंत्राची असो की माणसाची.

संध्याकाळी कळीचा फोन येतो. बाबा मोबाइल कानाला धरून बसतात आणि किती वेळ तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. मध्येच कधी पलीकडची सारी हालचाल थांबते. आई शिवणयंत्रावरून मान वर करून विचारते, "अहो, कट झाला का फोन?"

बाबा हात वर करून तिला गप्प करतात.

"थांब," ते कुजबुजतात, "बोलतेय ती."